नाव नसलेली भिंत

पप्पा सूतगिरणीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दिलं त्याच मॅनेजरनं, ज्याच्याविरुद्धची पप्पांच्या युनियनची पत्रकं आमच्या इचलकरंजीच्या घरात वाळत पडलेली असायची. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरून. इतर पोरी अ अननसाचा म्हणत होत्या तेव्हा मला ‘बेमुदत’ वाचता येत होतं. त्यामुळे पप्पांनी घड्याळ मुकाट्यानं घेतलं याचा मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला.

“असू दे गं,” ते म्हणाले. “आता आपण तिघं गाडीनं फिरून येऊ. घाट बघू, खाड्या बघू, बेटं बघू. मालवणकडे.”

मालवणकडचं एक गाव पप्पांचं. तिथे त्यांनी मला कधी नेलं नव्हतं आणि मम्मीला लग्नानंतर एकदाच. मम्मी आजऱ्याची, समुद्राचं तिला काही कौतुक नाही. पण आम्ही निघालो. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या माणसांना मी पुरेसा त्रास दिलेला आहे.

गगनबावडा ते खारेपाटण

फेब्रुवारीत गगनबावड्याला सकाळी अजून स्वेटर लागतो. चहाच्या टपरीवर धुकं पार बाकड्यापर्यंत आलं होतं. टपरीवाल्यानं विचारलं, “करूळनं उतरणार का भुईबावड्यानं?” पप्पा म्हणाले, “भुईबावड्यानं. खारेपाटणला निघायचंय.” ते त्यांनी इतक्या झटकन सांगितलं, की हा रस्ता त्यांच्या मनात बरेच दिवस तयार होता हे मला तिथेच कळायला हवं होतं.

घाट उतरताना एकेका वळणावर कोकण खाली उघडत जातं. आधी नुसता निळसर धूर, मग त्यातून जंगलाचे काळपट पट्टे, मग लाल मातीची एखादी चीर. ती चीर म्हणजे रस्ता असेल असं वाटतं, पण जवळ गेल्यावर कळतं की जांभ्या दगडाची चिरेखाण आहे. डोंगराला चौकोनी भोकं पाडून ठेवली आहेत. प्रवासवर्णनांत या खाणी नसतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

निम्म्या घाटात ब्रेकचा जळका वास यायला लागला. गाडी मीच चालवत होते. थांबलो. मम्मीला उलटी झाली. पप्पा कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिले. मम्मी तोंड धुवत म्हणाली, “बघा, बघा. बायको मरू दे, तुमचं कोकण पळून जायचं नाही.” ते हसले नाहीत.

खारेपाटणच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. स्टेपनी सामानाखाली, म्हणून डिकी रिकामी करायला लागले. पिशव्या, पाण्याचे कॅन, मम्मीच्या चकल्यांचा डबा, आणि सगळ्यांत खाली गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड. पप्पा धावत आले. “ते राहू दे.” तोवर मी गोधडी बाजूला केली होती.

काळ्या ग्रॅनाइटची पाटी होती, शाळेच्या वहीपेक्षा थोडी मोठी. त्यावर पांढऱ्या अक्षरांत आजीचं नाव, इझाबेल, आणि खाली ‘तुझा बस्त्याव’. बस्त्याव म्हणजे पप्पा.

“हे कुठे लावणार?”

“आईच्या तिथे.”

मला हसूच आलं. कारण आमच्या घरातलं सगळ्यांत जुनं पत्रक मला तोंडपाठ आहे. पप्पा बावीस-तेवीस वर्षांचे असताना त्यांनी ते गावच्या चर्चच्या दफनभूमीवर काढलं होतं. तिथे बोटीवाल्यांच्या, सावकारांच्या कबरी क्रूसाजवळ, कायमच्या, वर संगमरवर. गरिबांच्या कबरी कुंपणाला लागून, काही वर्षांनी पुन्हा उकरायच्या आणि त्याच जागेत दुसरं माणूस पुरायचं. पप्पांनी लिहिलं होतं: माती सगळ्यांची एक, तर मुदतही सगळ्यांची एक, कोणाचाच दगड नको, कोणाचंच नाव कायम नको. एक वर्ष भांडून त्यांनी ते चर्चसभेत मंजूर करून घेतलं. लहानपणी मी ही गोष्ट इतर मुली राजपुत्राची ऐकतात तशी ऐकली आहे.

“पप्पा, हे तुमच्याच पत्रकाच्या विरुद्ध आहे.”

“कबर नकोय मला. भिंतीवर एवढीशी पाटी.”

“तेच ते.”

“आई होती माझी,” ते म्हणाले आणि जॅक लावायला खाली वाकले.

मालवण

शुक्रवार मालवणात गेला. बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. बायका टोपल्यांमागे बसून गिऱ्हाइकाला बोटांनी नव्हे, नुसत्या भुवयांनी बोलावत होत्या. मम्मीनं बांगडे ताजे आहेत का विचारलं. कोळीण म्हणाली, “ताजे? अजून तुका वळखत नाय ते, म्हणान गप आसत.” मम्मीनं ही ओळ दिवसभर चारदा सांगितली. सहलीतली ती एक चांगली दुपार.

पुढे किनाऱ्यावर रंगीत छत्र्या, पाण्यात बुडी मारायला नेणाऱ्यांचे फलक आणि मोठ्यानं लावलेली गाणी. जाळी वाळत घालायला जागा उरलेली नाही, म्हणून ती रस्त्यावर पसरली होती आणि पर्यटकांच्या गाड्या त्यांवरून जात होत्या. मी एका गाडीवाल्याशी भांडले. जाळं ज्याचं होतं तो माणूस मलाच म्हणाला, “जावंदे गो. तेंच्या गाडयेत माझोच झिल डायवर आसा.” झिल म्हणजे मुलगा.

पप्पा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसायला नाही म्हणाले. खोलीवर बसून ते एक अर्ज लिहीत होते.

जुवा

शनिवारी कट्टा गावच्या बाजारात मेणबत्त्या आणि केळी घेऊन आम्ही गावात गेलो. खाडीच्या अलीकडच्या काठाला चर्च, आणि खाडीत मधोमध एक बेट. अशा बेटाला इकडे जुवा म्हणतात. पप्पांचं घर त्या जुव्यावर होतं. आता ते दुसऱ्या कुणाचं आहे.

चर्चच्या मागे दफनभूमी. मी ती पहिल्यांदा पाहत होते आणि माझा ऊर अभिमानानं भरून आला, हे मला कबूल केलं पाहिजे. मधोमध एकच मोठा चिऱ्याचा क्रूस. भोवती मातीचे उंचवटे, सगळे एकाच मापाचे. अलीकडच्या काही उंचवट्यांवर लाकडी क्रूस. त्यांवरची नावंही पुढच्या उकरणीपर्यंतच. चारी भिंती चुन्यानं सारवलेल्या आणि त्यांवर एकही अक्षर नाही. आमच्या इचलकरंजीत स्मशानाच्या बाकड्यांवरसुद्धा देणगीदारांची नावं असतात. इथे माझ्या बापानं एक संपूर्ण गाव मरणात सपाट केलं होतं.

पप्पा क्रूसापासून पावलं मोजत गेले आणि एका उंचवट्याशी थांबले. त्यावरच्या लाकडावर कुणा दुसऱ्याचं नाव होतं.

“बस्त्याव? मेल्या, जितो आसस तू?”

फाटकातून एक ऐंशीच्या घरातली बाई काठी टेकत येत होती. आंजेलीनकाकी. तिच्या नवऱ्याच्या दोन बोटी होत्या. तो तरुणपणीच वारला. पप्पांनी लगेच तिच्या पायांना हात लावला. असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“माका वाटलां तुमी वळखूचास नाय, काकी.”

पप्पा ‘माका’ म्हणाले. मी जन्मल्यापासून घरात त्यांनी ‘मला’ शिवाय दुसरा शब्द काढला नाही.

“वळखूक नाय? माझ्या घोवाचो दगड फोडून घेतलस, आणि वळखूक नाय?” ती हसली. तोंडात दोन दात. “ह्यां चेडू तुझां? नाक इझाबेलीचां.”

“काकी, आई हयसर होती ना?”

“होती. मगे मुदत भरली. फादरनी तुका पत्र घातल्यानी. इल्लां मा?”

पप्पा म्हणाले, “आलं होतं.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. कबर उकरायच्या आधी घरच्यांना कळवतात. घरच्यांनी यायचं, हाडं निघतील ती धुवून पांढऱ्या फडक्यात गुंडाळायची आणि चर्चमागच्या हाडांच्या विहिरीत ठेवायची, अशी पद्धत आहे. चर्चच्या शिक्क्याची पत्रं पप्पा उघडत नसत. तत्त्व म्हणून. ती कचऱ्यात टाकायचं काम माझ्याकडे असायचं.

“मगे कोणी केल्यान?” पप्पांनी विचारलं.

“कोण करतलो? मीच केलंय. तुझ्या आवशीचां तां एक बोट वाकडां होतां ना, खोबरां कातताना मोडलेलां? तां तसांच होतां.” तिनं आपली करंगळी वाकडी करून दाखवली. “फडकां नवीन घेतलंय हां. जुना नाय घातलंय.”

हाडांच्या विहिरीवर सिमेंटचं झाकण आहे. त्यावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. काकीनं त्या हातानं बाजूला सारल्या, म्हणजे पप्पांना गुडघे टेकता यावेत. पण ते उभेच राहिले. त्यांना ते जमत नसावं.

काकीनं आम्हाला होडीत घालून जुव्यावर जेवायला नेलं. तिसऱ्यांचं सुकं, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. जुव्याची एक कड खाडीत कोसळलेली आहे. काकी म्हणाली, रेती काढणाऱ्या होड्या रोज येतात, माडांची मुळं पाण्यात लोंबतात. ती हे आमटीत मीठ कमी झाल्यासारखं सांगत होती. मी चवताळून म्हणाले, तक्रार करा, मी लिहून देते. ती म्हणाली, “लिवन दी गो. तुमच्या घराण्यात लिवणां बरा येता.”

मग पप्पांनी पाटीचं सांगितलं. काकीनं बराच वेळ तिसरीचं शिंपलं बोटांत फिरवलं.

“उद्या मिसेनंतर सभा आसा. घाल अर्ज. मी काय आडवी येवची नाय.”

परतताना होडीत मी पप्पांना म्हणाले, “तिच्या नवऱ्याचा दगड तुम्ही काढायला लावलात. आता तिच्यासमोर आपल्या आईचा लावणार?”

ते पाण्याकडे बघत म्हणाले, “मी म्हातारा झालोय. एवढं एक मागू दे.”

“मागू नका,” मी म्हणाले.

मम्मीनं मला चिमटा काढला.

रविवार

मिसा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर सभा चर्चच्या पडवीत भरली. दहाबारा माणसं, दोन बाकं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. फादर तरुण, सावंतवाडीकडचे, शुद्ध मराठीत बोलणारे. आधी घंटेच्या दोरीचा विषय झाला, मग गळक्या छपराचा. मग फादर म्हणाले, “सेबॅस्टियन सरांचा एक अर्ज आहे.”

कागदोपत्रीचे सेबॅस्टियन, म्हणजे पप्पा, उभे राहिले. सभांमध्ये बोलण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते कागदावर बोट ठेवून वाचत होते. अर्जात लिहिलं होतं, की दफनभूमीच्या भिंतीवर आईच्या नावाची लहान पाटी लावण्याची विशेष बाब म्हणून परवानगी मिळावी. ‘विशेष बाब’. हे शब्द ज्यांच्या अर्जांत असायचे त्यांच्याविरुद्ध आमची अर्धी पत्रकं होती.

मग एक म्हातारा मिशीतून म्हणाला, “लावंदे रे. फळी ती केदी, ताटलीएवढी.”

“मगे मीय माझ्या बापाशीची लावतंय,” मागून एक जण.

“तुझो बापूस जितो आसा मरे!”

“म्हणान काय झालां? बुकिंग करून ठेवतंय.”

सगळे हसले. पप्पाही हसले. त्या हसण्यात परवानगी मिळून गेली होती. मला ते कळत होतं. फादरनी आंजेलीनकाकीकडे पाहिलं. तिनं मान हलवली: होय. फादर म्हणाले, “कुणाची हरकत नसेल तर...”

मी उभी राहिले.

मम्मीनं माझा कुर्ता ओढला. “बस खाली.” मी बसले नाही.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यातलं निम्मं माझं नव्हतंच. मी म्हणाले, आज एक पाटी लागली की पुढच्या वर्षी दहा लागतील. ज्यांची पोरं बोटीवर, आखातात, मुंबईत आहेत त्यांच्या पाट्या ग्रॅनाइटच्या असतील. ज्यांचं कुणी नाही त्यांची भिंत कोरी राहील. मग ही दफनभूमी पुन्हा पहिल्यासारखी होईल. फक्त जमिनीवर होतं ते भिंतीवर जाईल. मी म्हणाले, इथे एक बाई बसली आहे जिच्या नवऱ्याचं नाव या गावानं पुसलं. का पुसलं? सगळ्यांचं सारखं व्हावं म्हणून. तिला आज तुम्ही काय सांगणार? आणि शेवटी म्हणाले, “माती सगळ्यांची एक, तर मुदतही सगळ्यांची एक. हे माझ्या वडिलांनी लिहिलंय. मला वाटतं ते तेव्हा बरोबर होते.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिशीवाला म्हातारा आपल्या चपलांकडे बघत होता. पडवीबाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू केली आणि बंद केली. फादरनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मुलीचा मुद्दा चुकीचा आहे असं मला म्हणता येणार नाही. घरातच एकमत नसेल तर नियम आहे तसा राहू दे.

पप्पांनी अर्जाची घडी केली. मग त्या घडीची घडी केली.

“बरं,” ते म्हणाले.

माणसं उठली. मम्मी माझ्या कानाशी आली. “तुला कुणी विचारलं होतं?” एवढंच बोलून ती पप्पांमागे गाडीकडे गेली. मी आंजेलीनकाकीजवळ गेले. मला वाटलं होतं, निदान ती तरी माझ्या बाजूची असेल. मी तिच्या नवऱ्यासाठी बोलले होते.

“काकी, तुमच्यावर अन्याय झाला असता.”

“खंयचो अन्याय गो?” ती काठी शोधत होती. मी ती उचलून दिली. “माका तां नाव होया होतां. इझाबेलीचां. पोरीपणापासून आमी एकत्र तिसऱ्यो काढूक जायत होतंव. भिंतीर तिचां नाव दिसला असता तर माका कोणाबरोबर तरी बोलूक गावला असता.” तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. “तू बरोबर बोललस. तुझो बापूसय बरोबरच बोललेलो. बरोबर बोलणारी माणसां आमच्याकडे येतत आणि जातत.”

परत

कट्टा, कसाल, कणकवली. कणकवलीला मम्मीनं जेवायचं का विचारलं. मी गाडी थांबवली नाही. हायवेच्या दोन्ही बाजूंना काजू मोहरला होता, आंबे मोहरले होते. काचा बंद असूनही तो वास गाडीत येत होता. प्रवासवर्णनात लिहायला ही जागा चांगली आहे. मी तिथे वेग वाढवला.

खारेपाटण मागे पडलं. घाट चढायला लागल्यावर माझ्या शेजारी बसलेले पप्पा पहिल्यांदा बोलले.

“भिंतीलगत लहान मुलांची एक ओळ होती.”

मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली.

“ती कोणी उकरत नसे. गरीब असो, श्रीमंत असो. तसा रिवाज होता. माझी एक बहीण होती तिथे. रोझी. चार वर्षांची असताना तापानं गेली.”

मला आत्या होती हे मी सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आरशात मागे पाहिलं. मम्मीनं डोळे मिटून घेतले होते. तिला माहीत होतं.

“आई दर नोव्हेंबरला तिच्या क्रूसाला चुना लावायची. सभेत कुणीतरी म्हणालं, मुलांची ओळ तेवढी सोडूया. सगळे हो म्हणत होते. मी उभा राहिलो. म्हणालो, नियम म्हणजे सगळ्यांना. एक सवलत दिली की संपलं.” त्यांनी काच खाली केली. “आई पुढच्याच बाकावर बसली होती.”

“मग?”

“मंजूर झालं.”

“घरी गेल्यावर आजी काय म्हणाली?”

“जेवायला वाढलं तिनं.”

समोरून एक ट्रक उतरत होता. मी गाडी कडेला घेऊन त्याला जाऊ दिलं.

“आणि मग?”

“मग काही नाही. वर्षातून एकदा मी यायचो. ती जेवायला वाढायची. भात अजून हवा का, एवढं विचारायची. मरेपर्यंत.”

गगनबावड्याला पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. टपरी उघडी होती. पप्पा चहा पिऊन आले आणि मागच्या सीटवर मम्मीशेजारी बसले. इचलकरंजीपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. पाटी माळ्यावर आहे. पप्पा माझ्याशी बोलतात. वर्तमानपत्र आलं का, गाडीची सर्व्हिसिंग कधी, असं. मी सभेत जे बोलले ते आजही पुन्हा बोलेन, कारण त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणून मी त्यांची माफी मागितलेली नाही. त्यांनीही त्यांच्या आईची मागितली नव्हती, याच कारणानं.